धानाचा महिना, लेकरांचा महिना

अहेरीत डिसेंबरात दुपारी पंखा लागतो आणि पहाटे शेकोटी. दिवसा पारा 28-29 अंशांपर्यंत चढतो, रात्री 12-13 वर उतरतो, एखाद्या वर्षी 10 च्याही खाली जातो. चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला आमचा मे महिनाच आठवतो. 45-46 अंश, कूलर, उष्माघात. त्यामुळे बदली होऊन येणारे साहेब लोक स्वेटर घरीच ठेवून येतात आणि पहिल्याच आठवड्यात अहेरीच्या बाजारात ब्लँकेट शोधत हिंडतात. त्यांचं एक सोडा. इथंच जन्मलेल्या, इथंच म्हातारं झालेल्या माणसांच्या घरीसुद्धा थंडीचे म्हणून वेगळे कपडे नसतात. दिवसा ऊन आहे, रात्री जाळ आहे, जंगलात लाकूड आहे, मग पैसे कशाला घालवायचे? उष्ण मुलखातली थंडी कोणी हिशेबातच धरत नाही. आणि ती सगळ्यात आधी ज्याला गाठते तो काल-परवा जन्मलेला दोन-अडीच किलोंचा जीव असतो.

मी अहेरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. कागदावर एएनएम, गावात 'सिस्टर', म्हाताऱ्यांसाठी 'नर्सबाई'. आमचे हे वनरक्षक. थोरली मुलगी दुसरीत, धाकटा अजून अंगणवाडीच्या वयाचा, आणि दोघांच्या मागं धावायला सासूबाई. राहायला आम्ही अहेरीत. गावाच्या कडेनं प्राणहिता वाहते, पलीकडे तेलंगण. त्यामुळे बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते, आणि आलापल्लीच्या पुढं भामरागड, एटापल्लीच्या रस्त्याला लागलं की गोंडी आणि माडिया. माझ्या दिवसाला तिन्ही भाषा लागतात. तिन्ही मला सारख्याच मोडक्या येतात असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

डिसेंबर आमच्याकडे इतका धावपळीचा का, हे इथला पावसाळा पाहिल्याशिवाय कळत नाही. जून ते ऑक्टोबर इथं माणसाच्या मर्जीनं काही होत नाही. नाले भरतात, पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आडवाटेच्या गावांना मातीचा रस्ता उरत नाही. ऑक्टोबर संपता संपता पाणी ओसरतं, चिखल वाळतो आणि पावसाळाभर अडलेलं सगळं एकदम उभं राहतं. धान कापायचं, कूपात सागाची तोड सुरू करायची, रस्त्याची कामं, सर्वेक्षणं, शिबिरं, तपासण्या, शाळेचे खेळ, स्नेहसंमेलन. ज्या त्या खात्याला वाटतं की गाव आत्ताच मोकळं झालंय. गाव मात्र तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतं.

घरातली सकाळ सांगते. पहाटे पाचला हे जंगलाच्या फेरीवरून आलेले असतात, नाहीतर निघालेले असतात. धानाच्या बांध्यांजवळ वाघाचे पगमार्क दिसले की लोक कापणीला जायला घाबरतात, मग हे रात्रंदिवस तिकडेच. थोरलीची वेणी सासूबाई घालतात. धाकटा स्वेटर घालायला तयार नसतो आणि दहानंतर काढायला तयार नसतो. डबे भरून मी निघते ते आधी लसी घ्यायला. व्हॅक्सिन कॅरियर म्हणजे निळी पेटी, आत चार आइसपॅक. ते फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत घालायचे नसतात. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे. नाहीतर पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल यांच्यासारख्या लसी गोठतात, आणि गोठलेली लस फेकून द्यावी लागते. उन्हात लस तापून खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठूनही खराब होते, हे दर वर्षी नव्या आशाताईला समजावून सांगावं लागतं. अख्ख्या अहेरीत डिसेंबरातला बर्फ काय तो या पेटीत.

त्यावरून घरात एकदा गंमत झाली. धाकट्याच्या बालवाडीत नाताळचा कार्यक्रम होता. व्यासपीठावर बर्फ हवा म्हणून बाईंनी कापूस पिंजून पसरला होता. कापूस आमच्या चंद्रपूर भागाला नवा नाही, तेव्हा बर्फ मुबलक होता. नाताळबाबाचा पोशाख जाड लाल कापडाचा, वर दाढी आणि सकाळचे अकरा. बिचाऱ्या बाबाला घामाच्या धारा लागलेल्या आणि आमचे चिरंजीव मोठ्यानं विचारतायत, "आईकडे खरा बर्फ आहे, तो का नाही आणला?" हे मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. त्या दिवशी मी लसीकरण सत्रावर होते. थोरलीचा स्नेहसंमेलनातला रेला नाच मात्र पाहिला. अर्धा पाहिला. मध्येच फोन आला.

आता धानाचं सांगते, कारण या महिन्याची मालकी धानाकडे आहे. कापलेल्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात, मग भारे बांधायचे, वाहून आणायचे, पुंजणं रचायचं, मग मळणी, मग आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नंबर लावायचा. आभाळ आलं की बायांच्या काळजाचं पाणी होतं. कडपा भिजल्या तर दाणा काळा पडतो, नाहीतर त्याला कोंब फुटतात. या दिवसांत घरात कोणी राहत नाही. सकाळी सातला घराला कडी, संध्याकाळी दिवेलागणीला परत. आणि आमचं लसीकरण सत्र गावात दहा ते दोनच्या सुमारास! सत्रावर कोण येणार? म्हाताऱ्या आणि कुत्री.

नोकरीच्या सुरुवातीला मी यादी घेऊन घरोघर फिरायची आणि कड्या बघून परत यायची. रजिस्टरमध्ये 'लाभार्थी अनुपस्थित' असा शेरा असायचा. एका बाईनं बांधीत उभं राहूनच मला सुनावलं, "बाई, धान पडून हाये नं जी. तुमची सुई उद्या बी राहीन, धान राहीन का?" तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आता डिसेंबरात आम्ही सत्र शक्यतो सकाळी लवकर किंवा थेट खळ्यावर घेतो. आशाताई आदल्या संध्याकाळी विचारून ठेवतात की उद्या कोणाची मळणी कुठं आहे. एकाच्या खळ्यावर चार-पाच घरच्या बाया मजुरीला किंवा अदलाबदलीनं आलेल्या असतात, म्हणजे त्यांची लेकरंही तिथंच. मोहाच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत सहा महिन्यांचं बाळ, आणि झोळीला हेलकावे द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. बाळाला लस देऊन झाली की मी त्या बहिणीला शाळेचं विचारते. उत्तर ठरलेलं. धान झालं की जाईन.

याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो आईबापांवर नाही. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात तरतूद होती की कामावर आलेल्या बायांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. प्रत्यक्षात ते किती होतं हा वेगळा विषय, पण निदान कायद्यात तरी कोणीतरी त्या मुलांचा विचार केला. धानाच्या बांधीत कायदा नाही. अंगणवाडी दुपारी सुटते आणि धान संध्याकाळपर्यंत चालतं. शेजारच्या छत्तीसगडात 'फुलवारी' म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांची दिवसभराची सांभाळघरं चालवली गेली, गावातल्याच बाया मुलं सांभाळायच्या, खाऊ घालायच्या. आमच्याकडे कापणी-मळणीच्या दीड-दोन महिन्यांपुरतं जरी असं काही झालं तरी सात-आठ वर्षांच्या मुली वर्गात बसतील. आता दुसरीतल्या मुलीची आई म्हणून बोलते. माझ्या मुलीची वेणी घालायला तिची आजी आहे. झोळीजवळच्या मुलीची आजी बांधीत वाकलेली असते.

थंडीकडे येते. नवजात बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंशांत असायला हवं. बाळ जितकं लहान तितकी त्याची कातडी वजनाच्या मानानं जास्त, आणि अंगावर चरबी कमी. म्हणून ऊब निघून जायला वेळ लागत नाही. आमच्या भागात कुडाच्या भिंती, वर कौलं, कुडाला फटी. दुपारी घर उबदार असतं, आई बाळाला उघडंच ठेवते आणि ते बरोबरही असतं. पहाटे तीनला तेच घर गार पडलेलं असतं आणि आई दिवसभर भारे वाहून मेल्यासारखी झोपलेली असते. बाळ रडतही नाही. थंड पडलेलं बाळ आधी गप्प होतं, दूध ओढेनासं होतं, आणि घरच्यांना वाटतं की शहाणं आहे, त्रास देत नाही.

हे सगळं ओळखायला घरातच कोणीतरी हवं, ही गोष्ट जगाला आमच्या जिल्ह्यानं शिकवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. आधी न्यूमोनियावर काम झालं. त्याला गावात 'डब्बा' म्हणतात. लहान मुलाचे श्वास मिनिटात किती होतात ते मोजून गावातल्याच माणसानं औषध द्यायचं. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधं यंत्र केलं. मग आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळायची पद्धत आली. तिचा अहवाल 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसापासून सात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. आशाताईच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास झाले तर धोका. वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40. मला हे आकडे झोपेतही येतात. धाकट्याला सर्दी झाली की माझे डोळे त्याच्या छातीवर आणि घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावर.

एका डिसेंबरात एका वाडीवरून आशाताईचा सकाळी फोन आला. तिसऱ्या दिवशीची भेट. बाळ दोन किलोंच्या थोडं खाली, थर्मामीटरवर 35 च्या आसपास, पाय गार, तोंड लावलं तरी ओढत नाही. मी पोचले तेव्हा घरातली बुडी, म्हणजे म्हातारी, बाळाला आंघोळ घालायच्या तयारीत होती. बाहेर चुलीवर पाणी, हाताशी मोहाच्या बियांचं तेल. गरम पाणी, तेल, मग बाजेखाली निखारे, ही तिची ऊब. तिनं सहा लेकरं अशीच वाढवली होती. अशा वेळी बुडीशी भांडायचं नसतं. ओलं बाळ पाण्यातून काढल्याबरोबर पुन्हा गार होतं आणि बाजेखालचा धूर त्याच्या छातीत जातो, हे मी तिला सांगितलं, पण तेवढ्यावर ती थोडीच ऐकणार? मी बाळाच्या आईची चोळी सोडवली, बाळाला फक्त टोपी आणि लंगोट ठेवून तिच्या छातीवर उभं धरलं, वरून लुगड्यानं बांधलं आणि बुडीला सांगितलं, "आजी, याच्यावर तुझी वाकळ टाक, तुझीच पाहिजे." वाकळ आली. अर्ध्या-पाऊण तासानं पाय कोमट लागले. बुडी सारखी पाय चाचपून बघत होती. शेवटी म्हणाली, "माय, हे तर माकडीन करते." तिचं अगदी बरोबर आहे. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हेच सुरू केलं आणि त्याला कांगारूचं नाव दिलं. कांगारू आमच्याकडे नाही, माकडीण रोज दिसते.

बाळ तसंच आईच्या छातीला बांधलेलं ठेवून गाडीनं अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. वाचलं. आता ते धाकट्यापेक्षा थोडं लहान आहे आणि मला बघून पळतं, कारण सुई.

सगळीच वाचत नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही.

डिसेंबराचा दुसरा चेहरा कागदाचा आहे. 1953 च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, आणि ते होतं याच महिन्यात. बालमृत्यूंवर प्रश्न लागतात. लागायलाच हवेत. बंग दांपत्याच्या 'सर्च'नं आणि इतर संस्थांनी 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला तेव्हा विधिमंडळात आवाज उठला म्हणूनच पुढं बरंच काही हललं. पण प्रश्न नागपुरातून मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत, तिथून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात आणि तालुक्यातून माझ्या फोनवर येतो तेव्हा त्याचं एकच वाक्य उरलेलं असतं, 'आजच्या आज माहिती द्या.' पाच वर्षांची आकडेवारी, गावनिहाय. मग ज्या दिवशी मी आजारी बाळ बघायला जायची त्या दिवशी मी बालमृत्यूंचा तक्ता भरत बसते. सोबत कुटुंब नियोजनाची शिबिरं. थंडीत टाके लवकर भरतात असं लोक मानतात, शेतीचं काम संपत आलेलं असतं, म्हणून बाया हिवाळ्यातच तयार होतात. त्यांना घेऊन यायचं, रात्री त्यांच्याजवळ थांबायचं, त्यांची अंगावरची लेकरं सांभाळायची. शिवाय न्यूमोनियाची 'सांस' मोहीम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. ही एकच मोहीम अशी आहे की जिचं वेळापत्रक ठरवणाऱ्याला थंडी कधी पडते ते माहीत होतं.

पूर्वी या सगळ्यात आणखी एक आठवडा जायचा. 2 ते 8 डिसेंबर हा माओवाद्यांच्या सशस्त्र दलाचा, पीएलजीएचा सप्ताह. रस्त्यावर झाडं आडवी, बॅनर, संध्याकाळनंतर एसटी बंद. बाळंतपणाच्या कळा मात्र त्या आठवड्यातही यायच्या. दिवस भरत आलेल्या बायांना आम्ही नोव्हेंबरअखेरच माहेरघरात आणून ठेवायचो. डोंगराळ, दुर्गम भागातल्या बायांना प्रसूतीआधी राहता यावं म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी ही माहेरघरं बांधली आहेत. आता दिवस पुष्कळ बदललेत. 2025 च्या 1 जानेवारीला अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. त्या बसनं आलेली पहिलटकरीण बघितली तेव्हा मला रस्त्याचा खरा उपयोग कळला. पण धान कापायचं सोडून एखादी बाई माहेरघरात आठ दिवस आधी येऊन राहील का? घरी दोन वर्षांचं दुसरं पोर असेल तर अजिबात नाही. पोराला सोबत आण म्हणावं लागतं, त्याच्या जेवणाचं बघावं लागतं, तरच ती येते.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दर वर्षी पुण्या-मुंबईहून, नागपूरहून चांगली माणसं आमच्याकडे ब्लँकेट, स्वेटर पाठवतात. स्वतः घेऊनही येतात. मनापासून आभार. पण ते सगळं येतं जानेवारीत. कधी संक्रांतीच्या वाणाला जोडून, कधी 26 जानेवारीच्या कार्यक्रमात. संक्रांतीनंतर आमच्याकडे थंडी उतरणीला लागते, फेब्रुवारीत दुपारची सावली शोधावी लागते. तोवर कोवळ्या बाळांचे पहाटेचे दिवस होऊन गेलेले असतात. त्यात येतात ते मोठे, डबल बेडचे ब्लँकेट. त्यात नवजात बाळ गुदमरेल अशी भीती मला वाटते, आणि मोठी माणसंच ते पांघरतात.

आम्हाला मोठं काही नको. नवजात बाळाच्या डोक्याला बसतील अशा लोकरीच्या किंवा जाड सुती टोप्या, पायमोजे, धुऊन मऊ झालेली सुती दुपटी आणि बाळंतिणीसाठी पुढून उघडणारा स्वेटर. टोपी सगळ्यात आधी, कारण बाळाची ऊब डोक्यातून जास्त जाते. सामान संस्थेच्या गोदामात न ठेवता गावातल्या आशाताईच्या किंवा अंगणवाडीताईच्या हातात द्या. कोणत्या घरी कधी बाळ येणार आहे हे त्यांच्या रजिस्टरमध्ये तारखेनिशी लिहिलेलं असतं. आणि पार्सल ऑक्टोबरअखेर पोचेल असं पाठवा. एसटीचं पार्सल अहेरी आगारापर्यंत येतं, पुढं न्यायचं काम आमचं.